पावसात टिकते, भज्यात जाते: आयसोडोडेकेनवाला मेकअप कसा वापरायचा

मागच्या मे महिन्यात आमच्या बेळगावात अनगोळला एका लग्नाचा मेकअप केला. अक्षतांच्या आधी अर्धा तास वळीव आला, असा आला की मंडपाची एक बाजूच खाली बसली आणि नवरी हॉलपर्यंत पोचेस्तोवर चिंब. मुंडावळ्या ओल्या, शालू ओला, पण ओठावरची लिपस्टिक आणि डोळ्यांचं लायनर जागचं हललं नाही. मी मनातल्या मनात खूश. मग जेवणं उरकली आणि नवरीची आत्या मला हुडकत आली, "पावसात टिकली आणि दोन भजी खाल्ल्यावर गेली, हे कसलं गे तुझं वॉटरप्रूफ?" बघितलं तर ओठांच्या मधोमध सगळी गेलेली, कडेकडेनं तेवढी शिल्लक.

तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण आत्याबाईंच्या प्रश्नाचं उत्तर एका घटकाजवळ आहे, आयसोडोडेकेन. तो काय करतो हे एकदा डोक्यात बसलं की अशी लिपस्टिक लावायची कशी, काढायची कशानं, सुकलेली बाटली परत चालू कशी करायची, सगळ्याचा उलगडा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी तुमच्याकडचं खोकं हुडका. बाटलीवर जागा नसते म्हणून घटकांची यादी बहुतेक वेळा खोक्यावरच बारीक अक्षरात असते, आणि आपण खोकं पहिल्याच दिवशी टाकतो. मॅट लिक्विड लिपस्टिक असेल तर पहिलं नाहीतर दुसरं नाव बहुतेक हेच निघणार. एक टक्क्याच्या वरचे घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे असा आपल्याकडचा नियमच आहे, म्हणजे पहिलं नाव त्याचं असेल तर बाटलीत सगळ्यात जास्त तेच भरलंय. वॉटरप्रूफ मस्कारा, जेल लायनर, दिवसभर टिकणारं फाउंडेशन, प्रायमर, केसांचं न चिकटणारं सीरम, लिक्विड सिंदूर, यातही बऱ्याचदा ते असतं.

दिसायला पाण्यासारखं, रंग नाही, वास जवळजवळ नाही. बोटावर घेतलं तर तेलासारखं घसरतं आणि थोड्या वेळानं बघावं तर बोट कोरडं. रेणूत १२ कार्बन, २६ हायड्रोजन, साखळीला फांद्या फुटलेल्या. आपल्या रॉकेलमधेही साधारण १० ते १६ कार्बनवालीच मंडळी असतात, त्यामुळे नातं आहे हे खरं, पण लगेच तोंड वाकडं करू नका. रॉकेल म्हणजे शेकडो गोष्टींचं मिश्रण, वासाचं, गंधकाचं. हे मात्र शुद्ध करून घेतलेलं, आणि नात्याचंच बोलायचं तर व्हॅसलिनसुद्धा त्याच पेट्रोलियमच्या घरातलं आहे, ते आपण तान्ह्या बाळाला लावतोच की.

मजा म्हणजे हे उकळायला १८० अंशांच्या आसपास तापावं लागतं, तरी ओठावर पसरलं की मिनिटभरात उडायला लागतं. दोरीवरचं धुणं १०० अंश न होताच वाळतं ना, तसंच. थर पातळ आणि वारा लागतोय, बस. आणि उडताना स्पिरिटसारखं गारगार लागत नाही, म्हणून ते कधी गेलं हे आपल्याला कळतही नाही.

त्याचं काम मी पोरींना वडापच्या गाडीवरून सांगते. रंगद्रव्य, मेण, वरचा पापुद्रा बनवणारं सिलिकॉन रेझिन, ही सगळी पॅसेंजर. घट्ट, चिकट, आपल्या पायानं कुठं न जाणारी. आयसोडोडेकेन त्यांना पातळ करून गाडीत भरतं, ओठभर सारखं पसरवून जागेवर उतरवतं आणि रिकामी गाडी निघून जाते. मागं उरतो तो पॅसेंजरांचा पापुद्रा, त्याला पाणी लागत नाही. म्हणून "आयसोडोडेकेननं माझे ओठ फुटले" म्हणणाऱ्यांना मी सांगते की गाडी तर कधीच गेली, तुमच्या ओठावर जे ताणतंय ते उतरलेलं पॅसेंजर आहे. यादीत ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट (म्हणजे तेच सिलिकॉन रेझिन) हे लांबलचक नाव वरच्या चारपाचात असेल तर पापुद्रा कडक होणार हे धरूनच चालायचं. अर्थात गाडीही अगदी निर्दोष नाही, रोजच्या रोज लावलं तर ओठावरचा थोडा नैसर्गिक तेलकटपणा तीही घेऊन जाते, आणि आधीच फुटलेल्या ओठावर झोंबतं. फुटलेल्या ओठांवर लावूच नका, हे पहिलं.

(आपल्या आज्या कपाळावर आधी मेणाचं बोट फिरवून त्यावर कुंकू टेकवायच्या, घामानं ओघळू नये म्हणून. विचार तोच, मेण धरून ठेवणार, कुंकू रंग देणार. फक्त तिथं गाडी नव्हती, बोटानंच काम व्हायचं.)

आता लावायचं कसं. इथं सगळ्यात जास्त चुका होतात त्यामुळे सावकाश वाचा.

बाटली हलवा. हे इतकं पातळ असतं की रंग तळाला बसतो, एक मिलीलिटर पाऊण ग्रॅमच भरतं, पाण्यापेक्षा हलकं. काही बाटल्यांत हलवताना टकटक आवाज येतो ती आतली स्टीलची गोळी, बिघाड नाही. वीस सेकंद तरी हलवायची. न हलवता लावली तर पहिले आठ दिवस पातळ फिकट येते आणि शेवटी तळाला चिखल राहतो आणि मग आपण कंपनीला शिव्या देतो.

ओठ कोरडे आणि तेल नसलेले हवेत. लिपबाम लावायचाच असेल तर मेकअपला बसल्या बसल्या पहिल्यांदा लावा, पंधरावीस मिनिटं मुरू द्या आणि लिपस्टिकच्या आधी टिशूनं चक्क पुसून काढा. बामवरच लिपस्टिक फिरवली तर बामातलं तेल आणि आयसोडोडेकेन एकमेकांत मिसळतात, गाडी अडकून पडते, पापुद्रा धरतच नाही, दिवसभर लिपस्टिक दातांना लागत राहते. नवऱ्या मुलींचं हमखास हेच होतं कारण घरातली कुणीतरी मावशी प्रेमानं ओठाला तूप लावून बसवते.

एकच थर, तोही पातळ. खालच्या ओठाच्या मधून सुरू करून कडेला, मग वरचा. आणि त्यानंतर ओठ एकमेकांवर घासायचे नाहीत! जुन्या लिपस्टिकची सवय आहे आपल्याला, लावली की मप्प करायचं. इथं मप्प केलं की ओला थर उचलला जातो, गोळ्या पडतात. तोंड जरा उघडं ठेवून मिनिट दीड मिनिट गप्प बसायचं. पावसाळ्यात खोली बंद, दमट असेल तर मी दोन मिनिटं धरते, हवा खेळती असली की भरभर उडतं, म्हणून फॅन सुरू ठेवते. फुंकर घालायची गरज नाही.

दुसरा थर हवाच असेल तर पहिला पूर्ण वाळल्यावर, चिकट असताना नाही. आणि दुपारी विरळ झाली म्हणून सकाळच्या थरावरच नवीन थापू नका, नवं आयसोडोडेकेन जुन्या पापुद्र्याला अर्धवट विरघळवतं आणि सगळं मिळून भिंतीच्या जुन्या रंगासारखं पोपडे धरतं. पुसून, मग नवीन.

हेच मस्काराला. पहिला हात, थांबा, दुसरा हात. लायनर लावल्यावर डोळा लगेच वर उघडला की पापणीच्या घडीवर दुसरी रेघ उमटते, तीसेक सेकंद खाली बघत राहिलं की प्रश्न मिटतो.

आता आत्याबाईंची भजी. आयसोडोडेकेन पाण्यात मिसळत नाही, तेलात मात्र छान मिसळतं, आणि त्यानं वाहून आणलेली पॅसेंजर मंडळीही बरीचशी तेलाच्याच बाजूची. त्यामुळे वळीव, घाम, रडणं, कोकम सरबत, यानं काही होत नाही, पण भजी, रश्श्यावरचा तवंग, पुरी, तूप घातलेला भात ओठाला लागला की पापुद्रा सुटायला लागतो. वॉटरप्रूफ म्हणजे पाण्यापुरतं, तेलाचं कुणी वचन दिलेलं नसतं. म्हणून आता मी नवरीला सांगून ठेवते, जेवणाआधी टिशूनं दाबून घे, घास लहान कर आणि जेवण झाल्यावर मला बोलव, मी सगळी पुसून एक थर नव्यानं देते. कुंदा खाल्ला तरी तेच, खवा म्हणजे स्निग्धच की. आणि गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीला, जी आपल्याकडं दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, नऊवारी नेसून ढोलावर जाणाऱ्या पोरींना हाच प्रकार बेस्ट, पाऊस असतोच आणि भजी खायला वेळ नसतो.

मग काढायचं कशानं हेही कळलंच असेल. साबणानं आणि फेसवॉशनं घासत बसू नका, ओठ सोलून निघतील, रंग तिथंच. खोबरेल तेलाचे दोन थेंब ओठावर, अर्धं मिनिट नुसतं राहू द्या, मग ओल्या कापसानं हलकं पुसा. डिसेंबरात सकाळी आपल्याकडं खोबरेल गोठलेलं असतं (२४ अंशांच्या खाली गोठतंच), तेव्हा तळहातावर चोळून वितळवा. डोळ्यांना मी खोबरेल वापरत नाही, धूसर दिसायला लागतं आणि चुरचुरतं, तिथं बेबी ऑइल किंवा दोन थरांचा रिमूव्हर चांगला. कापूस भिजवून मिटलेल्या पापणीवर वीस तीस सेकंद नुसता धरायचा आणि खाली ओढून घ्यायचा, घासायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी लेन्स काढा. त्या दोन थरांच्या रिमूव्हरचं खोकं वाचा एकदा, वरच्या थरात बऱ्याचदा हेच आयसोडोडेकेन नाहीतर त्याचा थोरला भाऊ आयसोहेक्झाडेकेन सापडेल. काट्यानं काटा काढायचा प्रकार. तेल लावून झाल्यावर मग फेसवॉशनं तोंड धुवा, नाहीतर रात्रभर तेलकटपणा राहतो.

थोरल्या भावाचं आलंच आहे तर सांगते, आयसोहेक्झाडेकेनला १६ कार्बन, ते जड, सावकाश उडतं, मऊपणा जास्त ठेवतं. ज्यांना मॅट लिपस्टिक फार ताणते त्यांनी यादीत थोडं तेल किंवा असला जड भाऊ असलेली घ्यावी, टिकणार कमी पण बोलताना तोंड उघडेल. आणि सायक्लोपेंटासिलॉक्सेन नावाचं दुसरं एक उडणारं सॉल्व्हंट जुन्या प्रायमरमधे भरपूर असायचं. ते निसर्गात लवकर मोडत नाही म्हणून युरोपात धुऊन टाकायच्या प्रॉडक्टमधे २०२० पासून ०.१ टक्क्याची मर्यादा आहे आणि २०२७ च्या जूनपासून अंगावर राहणाऱ्या प्रॉडक्टलाही तीच लागणार, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी आयसोडोडेकेन येतंय. जाता जाता, फ्रान्समधे एका कंपनीनं वनस्पतींच्या साखरेपासून जिवाणूंकरवी आयसोब्युटीन आणि त्यापासून आयसोडोडेकेन बनवून दाखवलंय. आपला जिल्हा उसाचा, निम्म्या तालुक्यांत कारखाने, तेव्हा हे वाचून माझे कान टवकारले, पण अजून तरी बाजारातला बहुतेक माल पेट्रोलियमचाच.

सुकलेल्या बाटलीचं बघू. झाकण सैल राहिलं की गाडी निघून जाते, पॅसेंजर आतच गोठून बसतात आणि ब्रशला दोरे यायला लागतात. मी पहिल्यांदा काय केलं असेल, गुलाबपाणी घातलं. दह्यासारखं फाटलं, आतल्या आत गुठळ्या, तीनशे रुपये गेले. शेजारच्या वहिनींनी नेलपेंट रिमूव्हर घातला, ते तर विचारूच नका, दोन दिवस ओठ लाल. पाणी नको, गुलाबपाणी नको, रिमूव्हर नको, थिनर टर्पेंटाइन तर अजिबात नको. खोबरेलही नको, त्यानं पातळ होते पण मग ती वाळतच नाही. गेलेलं आहे तेच परत घालायचं, कॉस्मेटिक ग्रेडचं आयसोडोडेकेन, दोन थेंब. झाकण लावून चांगलं हलवा, तासभर ठेवा, परत हलवा, अजून घट्ट वाटलं तर आणखी एक थेंब. एकदम दहा थेंब घातले की रंग विरळ होतो आणि ओठाबाहेर ओघळतो, मग परत घट्ट करायचा उपाय म्हणजे झाकण उघडून बसणं. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि १२ एम, १८ एम असा आकडा असतो तेवढे महिने उलटून गेले असतील किंवा वास बदलला असेल तर मात्र जिवंत करत बसू नका, टाका. मस्काराला हा उपाय मी करतच नाही, डोळ्याचं काम आहे, सुकला की टाकायचा.

हे मिळतं कुठं? गणपत गल्ली, खडे बाजार फिरून बघितलं, दुकानदार बिचारा नेलपेंट थिनर काढून दाखवतो. ऑनलाइन मागवावं लागतं, साबण आणि क्रीम बनवणाऱ्यांना कच्चा माल विकणारे असतात त्यांच्याकडं १०० मिली वगैरे मिळतं. घेताना कॉस्मेटिक ग्रेड आहे का आणि सेफ्टी डेटा शीट देता का एवढं विचारा, जो देत नाही त्याचं घेऊ नका.

१०० मिली आणलं तर लिपस्टिकला चार थेंब लागणार, उरलेल्याचं मी केसांचं कोरडं तेल करते. स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत १५ ग्रॅम आयसोडोडेकेन, ५ ग्रॅम बदाम तेल, वाटलं तर व्हिटॅमिन ई चे दोन थेंब, हलवलं की झालं. वजनानंच घ्या, मापानं नको, कारण वर सांगितलं तसं हे हलकं. केस धुऊन वाळले की तीन चार थेंब तळव्यावर पसरून फक्त टोकांना. बदाम तेलाचा तो चपचपीतपणा येत नाही कारण तीन भाग उडून जातात, एक भाग राहतो. पाणी नसल्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, पण ओला हात, ओला चमचा आत जाऊ द्यायचा नाही. रबरी टोपीचा ड्रॉपर लावून ठेवू नका, रबर फुगतं. स्प्रे बाटली तर नकोच, श्वासात जातं. आणि कुणी क्रीममधे घालत असेल तर गरम असताना घालू नका, ४० अंशांच्या खाली आल्यावर शेवटी, नाहीतर निम्मं हवेतच.

आता हे नीट वाचा. याची वाफ ४५ अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते. म्हणजे स्वयंपाकघरात गॅसपाशी, देवघरात समईपाशी, उदबत्तीपाशी हे उघडायचं नाही. वाफ हवेपेक्षा जड, खाली पसरते, दिवा लांब आहे म्हणून बेफिकीर राहू नका. पार्लरमधे मी केस सरळ करायची मशीन गरम असताना वरचं सीरम लावत नाही, आधी मशीन, केस गार झाले की सीरम. लग्नघरात तर होम चालू असतो, त्यामुळे मेकअपची खोली वेगळी असली तरी बाटली मी पिशवीतच ठेवते. बाटली उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर नको.

लहान पोरं असतील तर कपाटाच्या वरच्या फळीवर. पाण्यासारखं दिसतं हाच धोका. कुणी गिळलंच तर उलटी करवायची नाही, रॉकेल प्यालेल्या पोराला करवत नाहीत त्याच कारणानं, वर येताना फुफ्फुसात उतरतं आणि तिथं ते जिवावर बेततं. बाटली हातात घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. ओठावरच्या लिपस्टिकबरोबर पोटात जाणाऱ्या कणाला हे लागू नाही, मी घोटभर पिण्याबद्दल बोलतेय.

त्वचेला हे साधारण सौम्यच आहे, मुरुमंही सहसा येत नाहीत. तरी नवीन प्रॉडक्ट असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून दोन दिवस बघा, खाज आली तर दोषी कोण हे कळायला खोकं जपून ठेवलेलं असेलच. इसब असेल तर त्या जागी लावू नका.

दोघीतिघींनी विचारलं की हे केसांचं तेल बनवून विकू का. विकायचं असेल तर बनवण्याचं लायसन लागतं, कॉस्मेटिक्स रूल्स २०२० केंद्राचे आहेत, त्यामुळे कोगनोळी नाका ओलांडून पलीकडं महाराष्ट्रात गेलात तरी नियम तोच, फक्त अर्ज त्या त्या राज्याच्या औषध प्रशासनाकडं. घरात, बहिणीला द्यायला, काही लागत नाही.

उरलेलं, जुनं झालेलं मोरीत ओतू नका. थोडंच असेल तर जुन्या फडक्यावर टिपून, पोरं आणि चूल दोन्ही लांब असतील अशा ठिकाणी परसात पसरवा, उडून गेलं की फडकं कचऱ्यात. जास्त असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत वेगळं ठेवून घातक कचऱ्याबरोबर द्या.